पूजेनंतर बरी झालेली मशीन

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात आपोआप पँटच्या खिशात जातो. निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पोट वर्दीच्या मापाबाहेर गेलं, पण ही सवय काही जात नाही. नोकरीत मी तलवारी पाहिल्या, गावठी कट्टे पाहिले, एका बहाद्दराने तर माझ्यावर चक्क प्रेशर कुकर फेकला होता, आतल्या डाळीसकट. तेव्हाही पापणी लवली नाही. मी हादरलो ते एका हिरव्यागार, झेंडूचा हार घातलेल्या, कपाळी कुंकू लावलेल्या मशीनपुढे. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. सगळी माणसं अजून पुण्यातच आहेत, आणि पुण्यातली माणसं आपल्याबद्दल छापून आलेलं चष्मा पुसून वाचतात.

सदाशिव पेठेत एका बोळाच्या टोकाला पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पण त्यातल्या एका खोलीत कागद कापायची जी मशीन उभी होती, ती पाहून मला वाटलं की आधी ही मशीन आणली असावी आणि मग तिच्याभोवती सदाशिव पेठ वसवली असावी. लोखंडाचं धूड! मधोमध आडवं पातं, माणसाच्या कवेत मावणार नाही एवढं. खाली कागदांचा गठ्ठा सरकवायचा, बटण दाबायचं, की पातं लोण्यातून सुरी फिरावी तसं आरपार. मालकांच्या वडिलांनी ती वापरलेलीच विकत घेतली होती, म्हणजे तिचं खरं वय तिला आणि देवालाच ठाऊक.

कारखाना दोघा भावांचा. थोरल्यांना सगळे मालक म्हणत, धाकट्यांना नुसतंच धाकटे. मशीनवर काम करायला एक चाचा होते. तीन पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब, मिसरूड फुटल्यापासून हाताला कागदाचीच सवय. मराठी अशी बोलायचे की पुणेरी पगडी घालून बसवलं असतं तरी शोभले असते.

दसरा नुकताच झालेला. बांधणीवाल्यांसाठी हे दिवस म्हणजे लग्नघर. दिवाळी अंक आले की माणसाला जेवायची शुद्ध राहत नाही. त्या गडबडीत एका सकाळी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला. विजेचा धक्का बसलेला माणूस दाखल केलाय, बेशुद्ध आहे, पोलीस पाठवा. तो माणूस म्हणजे धाकटे.

घडलं होतं ते असं. धाकट्यांचा रोजचा नेम होता. सकाळी मेन चालू व्हायच्या आधीच ते उंबऱ्याशी चपला काढत, अनवाणी आत जात, मशीनपुढे उदबत्ती लावत आणि तिच्या अंगावर हात ठेवून नमस्कार करत. त्या दिवशी फरशी नुकतीच पुसलेली होती. आणि अंकांची घाई असल्यामुळे चाचांनी उदबत्तीची वाट न बघता मेन लावून मशीन आधीच चालू केली होती. धाकट्यांनी हात ठेवला आणि हात सुटेचना! चाचांनी धावत जाऊन मेन स्विच ओढून बंद केला, तेव्हा कुठे धाकटे खाली कोसळले.

मी कारखान्यात पोहोचलो तेव्हा मालक दारातच उभे होते. मला पाहताच त्यांनी चाचांकडे बोट केलं.

"साहेब, यानेच केलं. लिहून घ्या. हा शेजारी उभा होता, याला काही झालं नाही. दसऱ्यापासून रोज हाच मशीनवर आहे, याला काही झालं नाही. आणि माझ्या भावाने एकदा हात लावला तर तो गेला होता!"

"मालक, मी कशाला करीन?" चाचा म्हणाले.

"सगळ्यांसमोर म्हणाला नव्हतास? ही मशीन एक दिवस कुणाला तरी खाणार म्हणून?"

"म्हणालो होतो. पात्यापुढे गार्ड बसवा, म्हणून म्हणालो होतो. गार्ड बसवला नाहीत, वाक्य तेवढं जपून ठेवलंत."

मी मनात म्हटलं, जिभेला धार आहे बरं का. पण धारदार जीभ हा काही पुरावा होत नाही, नाहीतर अर्धी सदाशिव पेठ आत असती.

मेन बंदच होता. पंच बोलावून पंचनामा केला, मालकांची फिर्याद घेतली. फिर्यादीत मालकांनी सरळ खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला. मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवलं, तर तिथल्या मॅडम उद्या येतो म्हणाल्या. तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन मी चाचांना घेऊन ठाण्यात आलो.

आणि ठाण्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच खबर आली. फोनवर एक करारी आवाज.

"त्या कारखान्याबद्दल सांगायचं आहे. नाव सांगणार नाही. त्या मशीनच्या मागची हिरवी तार दसऱ्याच्या आधी लोंबकळत होती. मी स्वतः पाहिली. तो कटिंगवाला शेजारीच उभा होता. पुढचं आपण समजून घ्या."

"आपण कोण बोलताय?"

"आत्ताच सांगितलं ना, नाव सांगणार नाही म्हणून? एकदा सांगितलेलं पुन्हा विचारू नये." फोन आपटला.

आता गंमत बघा. ह्या गुप्त खबऱ्याने फोन केला तो स्वतःच्या दुकानाच्या मोबाइलवरून. आमच्या फोनवर दुकानाचं नाव लख्ख उमटलं होतं, पुढे 'कलर प्रिंट व स्पायरल बाइंडिंग' असंही. कारखान्यासमोरचाच झेरॉक्सवाला! माझे हवालदार गेले आणि त्याला घेऊन आले. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत होता, "पण तुम्हाला कळलं कसं?" हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमची यंत्रणा फार मोठी आहे."

झेरॉक्सवाल्याचं म्हणणं मात्र पक्कं होतं. तार लोंबकळत होती. चाचा बाजूला होते. देवाशप्पथ.

ही हिरवी तार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तिचं एक टोक मशीनच्या लोखंडी अंगाला बोल्टने आवळलेलं असतं आणि दुसरं जमिनीत गाडलेलं. आतली एखादी वायर जुनी होऊन फुटली आणि वीज लोखंडात उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता ह्या तारेने निमूट जमिनीत जाते. अर्थिंग म्हणतात ते हेच. ती तार काढली की मशीन म्हणजे उघडा सापळा. त्यामुळे झेरॉक्सवाल्याचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. सापडला, सापडला, असं मला झालं!

पण पंचनामा तर मीच केला होता. तार जागच्या जागी होती. बोल्ट इतका घट्ट की माझ्या हवालदारांनी, जे नारळ हाताने फोडतात अशी त्यांची ख्याती आहे, हलवून पाहिला तरी हलला नाही. खुनी माणूस तार काढेल हे मला समजतं. काढलेली तार तो पुन्हा नीट बसवून का ठेवेल? आणि बसवली, तर धक्का बसला कसा?

चौकशीच्या खोलीत माझी एक खास खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड होता, आणि मी ती कधी दुरुस्त करू दिली नाही. डुगडुगत्या खुर्चीवर बसून खोटं बोलणं फार अवघड असतं. माणसाचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि उरलेल्या अर्ध्यातून खरं निसटतं. भले भले त्या खुर्चीने बोलते केले आहेत. चाचा त्या खुर्चीवर बसले, एकदा डुगडुगले, वाकून खाली पाहिलं, टेबलावरचं शिळं वर्तमानपत्र फाडलं, त्याची बेताची घडी केली, पायाखाली सारली आणि परत बसले. खुर्ची डोंगरासारखी स्थिर! माझं इतक्या वर्षांचं हत्यार बांधणीवाल्याने एका घडीत निकामी केलं.

मी चहा मागवला.

"बिनसाखरेचा सांगा साहेब."

"साखर झालीय का?"

"झाली असावी. दसऱ्यापासून हाताला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले आधी साखर बंद करा, मग तपासू."

"बरं. ती हिरवी तार कुणी काढली होती?"

"मालकांनी."

मी टेबलावर मूठ आपटली. कप उडाला, बशी वाजली. "फिर्यादीने स्वतःच्या मशीनची तार काढली? आणि भाऊ मरायला घातला?"

"तसं नाही हो साहेब," चाचा शांतपणे म्हणाले. "रंगासाठी काढली. खंडेनवमीच्या आधी मालक दर वर्षी मशीनला स्वतःच्या हाताने रंग देतात. दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाहीत. मी सुद्धा फक्त झेंडूचा हार आणतो. ह्या वर्षी दोन हात दिले. मागची बाजू गंजली होती, पाहुणे येतात, बरं दिसत नाही, म्हणून तार सोडवली आणि तिथेही रंग दिला."

"आणि परत कुणी बसवली?"

"मालकांनीच."

मी बाहेर बसलेल्या मालकांना आत बोलावलं. काढली का? काढली. बसवली का? "अर्थात बसवली! घट्ट बसवली, दोन पाने लावून. मी काय वेडा आहे? साहेब, तुम्ही मला विचारताय आणि गुन्हेगार बिनसाखरेचा चहा पितोय!"

आता माझ्यापुढे तीन माणसं आणि तिघांचे जबाब. झेरॉक्सवाला म्हणतो तार लोंबत होती. चाचा म्हणतात मालकांनी काढली. मालक म्हणतात मी काढली आणि मीच लावली. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरलेला माणूस. खोटं बोलणाऱ्याच्या कानाची पाळी कशी तांबडी होते, ते मी अंधारात सांगू शकतो. तिघांच्याही पाळ्या पांढऱ्याफटक! तिघंही खरं बोलत होते, आणि तिकडे एक माणूस दवाखान्यात नळ्या लावून पडला होता.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन. प्रकरणाची बातमी पसरली होती. "भांडण आहे, धमकी आहे, माणूस जागेवर हजर आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला? उद्या अटक दाखवा." खुनाच्या प्रयत्नात एकदा आत गेलं की त्या वयाच्या माणसाला जामीन मिळेपर्यंत त्याची हाडं मऊ होतात. बाहेर बाकावर चाचांची बायको डबा घेऊन बसली होती. रडली नाही, हात जोडले नाहीत. एवढंच विचारलं, "आत पंखा आहे का हो?" त्या एका प्रश्नाने मला झोपू दिलं नाही, आणि माझी झोप म्हणजे दिवाळीची आतषबाजीही जिला हलवू शकत नाही अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यावर जाऊन थडकलो. हवालदार, मालक आणि चाचा बरोबर. खोलीला खिडकी एकच, तीही कागदाच्या गठ्ठ्यांनी अर्धी बुजलेली. मला पुन्हा एकदा सगळं जागेवर पाहायचं होतं. धाकटे कुठून आले, कुठे उभे राहिले, हात कुठे ठेवला.

"चाचा, तुम्ही कुठे होता?"

"इथे, ह्या फळीवर. पायात स्लीपर. दिवसभर फरशीवर उभं राहिलं की टाचा दुखतात, म्हणून फळी."

"आणि मशीन नीट चालत होती? काही बिघाड?"

चाचा चक्क हसले. "बिघाड? उलट दसऱ्यापासून बरी झाली होती. वर्षभर हिने मला रडवलं. आठ-पंधरा दिवसांनी फ्यूज उडायचा. बांधून बांधून बोटं दुखली. रंग दिला, पूजा झाली, आणि तेव्हापासून एकदाही उडाला नाही."

"पूजा पावली ह्या वर्षी," मालक खालच्या आवाजात म्हणाले. इतका वेळ एकमेकांकडे न पाहणारे ते दोघं ह्या एका गोष्टीवर मात्र एकमत होते.

तेवढ्यात विद्युत निरीक्षक मॅडमचा फोन आला. दुपारी येऊ की संध्याकाळी, एवढंच विचारायला. मी फोन डाव्या कानाला लावला आणि बोलत बोलत मशीनच्या दिशेने गेलो.

"या केव्हाही," मी म्हटलं. "पण मॅडम, तुम्हाला काही सापडेलसं वाटत नाही. मशीन ठणठणीत आहे. आधी सारखा फ्यूज उडायचा म्हणे, पण दसऱ्याला रंग दिला, पूजा केली, आणि तेव्हापासून एकदाही उडाला नाही!"

मला वाटलं फोन कटला.

"अर्थिंगची तार रंगासाठी काढली होती का?"

"काढली होती. पण परत घट्ट..."

"साहेब, आपण आत्ता कुठे उभे आहात?"

"मशीनशेजारी."

"मेन बंद आहे?"

मी वर पाहिलं. दिवा जळत होता. अंधार होता म्हणून माझ्या हवालदारांनी दिवे लावायला मेन चालू केला होता, आणि दिवे नि मशीन एकाच मेनवर!

"चालू आहे," मी म्हटलं.

"आपला हात कुठे आहे?"

"फोनवर."

"दुसरा?"

मी दुसऱ्या हाताकडे पाहिलं. धाकट्यांनी जिथे हात ठेवला होता, बरोबर तिथे टेकायला तो निघाला होता. हिरवा रंग आणि माझा तळवा यांच्यामध्ये एका पोस्टकार्डाएवढी हवा होती.

"खिशात घाला," मॅडम म्हणाल्या. "आणि बाहेर चालायला लागा. सगळ्यांना घेऊन. मी निघाले."

देवाची शपथ, मी त्या खोलीतून असा बाहेर आलो की मधला उंबरा मला आजतागायत आठवत नाही!

मॅडम आल्या त्या स्कूटरवरून, हेल्मेट डोक्यावरच ठेवून. बारीक चणीची बाई, पण चालण्यात जरब अशी की माझ्या हवालदारांनी नकळत सलाम ठोकला. बरोबर एक पेटी, रबरी हातमोजे आणि जाड रबरी चटई. त्यांनी आधी मेन बंद केला, मीटरने खात्री केली, मगच आम्हाला आत येऊ दिलं.

"मशीन केवढी जुनी?"

"वडिलांच्या वेळची," मालक अभिमानाने म्हणाले. "कधी तक्रार नाही."

"हिची शेवटची विद्युत तपासणी कधी झाली?"

"तपासणी? वडिलांच्या काळात असलं काही नव्हतं."

मॅडमनी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "त्यांच्या डाव्या हाताला बोटं किती हो?"

फोटोतल्या हाताला तीन होती.

मग त्यांनी काम सुरू केलं. आणि काय सांगू, मी क्रिकेटचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिलाय, निवडणुकीची मतमोजणी पाहिलीय, पण असा थरार नाही! आधी मोटरकडे जाणारी वायर. जिथे ती मशीनच्या पोटात शिरत होती, तिथे भोकाच्या कडेने घासून घासून रबर तडकलं होतं आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं होतं. "वीज इथून अंगात येते," मॅडम म्हणाल्या. "वर्षभर ती अर्थिंगने जमिनीत जात होती. जोरात गेली की फ्यूज उडायचा. फ्यूज तुम्हाला त्रास देत नव्हता, हाका मारत होता."

मग त्यांनी मीटरची एक पिन हिरव्या तारेला लावली आणि दुसरी मशीनच्या अंगावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर.

"तार आणि मशीन जोडलेली असतील तर हा वाजेल."

आम्ही श्वास धरून उभे. मीटर गप्प.

"पण घट्ट आहे हो ती!" मालक ओरडले. "मी स्वतः आवळलीय!"

"घट्ट आहेच. आपण फार चांगली आवळली आहे." त्यांनी पाना लावला, बोल्ट काढला आणि आमच्यापुढे धरला. बोल्टच्या आट्यांत हिरवा रंग. तारेच्या टोकाच्या कडीवर हिरवा रंग. मशीनवर ती कडी जिथे बसायची तिथे चकचकीत, गुळगुळीत, दोन हातांचा हिरवा रंग.

"बोल्टला पण रंग दिला?"

"डब्यात बुडवून काढला," मालक म्हणाले. "गंजू नये म्हणून."

मॅडमनी पेटीतून काचकागद काढला. आधी मशीनवरची जागा घासली, मग कडी, मग बोल्ट. लोखंड पांढरं चमकेपर्यंत. तार परत बसवली, आवळली, पिना टेकवल्या.

टींSSS!

तो आवाज माझ्या कानात घुसला तसा मी चक्क टाळी वाजवली. पंच म्हणून बोलावलेला झेरॉक्सवालाही टाळी वाजवू लागला, मग त्याला आठवलं की खबर त्याचीच होती, आणि त्याने हात खाली घेतले.

"रंगातून वीज जात नाही," मॅडम म्हणाल्या. "तार दिसत होती, पण मशीनला लागतच नव्हती. म्हणून फ्यूज उडायचा थांबला. गळणारी वीज बाहेर जायला वाटच उरली नाही, ती मशीनच्या अंगात बसून राहिली. हे चाचा फळीवर, रबरी स्लीपर घालून. त्यांना नुसत्या मुंग्या आल्या. धाकटे ओल्या फरशीवर अनवाणी गेले." मग चाचांकडे वळून, "तुमची साखर तपासून घ्या खुशाल, पण मुंग्या ह्या मशीनच्या होत्या."

चाचांनी कपाळाला हात लावला. "आणि मी डॉक्टरच्या सांगण्यावरून दसऱ्याची जिलबी सोडली!"

पुढे मॅडम बरंच बोलल्या. अशा मशीनला अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी हवं, एक फसलं तर दुसरं. जरा गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच हवा. दिवे आणि मशीन एका मेनवर नकोत. पात्यापुढे गार्ड हवा. जुनी मशीन वापरायला कुणाची ना नाही, पण तिची तपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे. मालकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते त्या खरवडलेल्या चकतीसारख्या जागेकडे एकटक पाहत होते.

"साहेब," ते म्हणाले, "मी तर सेवा केली. तिच्या अंगावर गंज राहू नये म्हणून रात्र रात्र... आणि मी ह्याला खुनी म्हणालो."



दवाखान्यात धाकटे शुद्धीवर आले. हात भाजला होता, बोलताना जीभ अडखळत होती, पण जबाबात त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं: "चाचांनी मेन ओढला, म्हणून मी आहे." खुनाच्या प्रयत्नाचं कलम तिथेच गळून पडलं. चाचा मोकळे झाले. वरिष्ठांना मी अहवाल दिला, तेव्हा ते म्हणाले, "रंगाला अटक करणार का?" मी म्हटलं, "नाही सर, रंगवणाऱ्याला." कायदा भक्तीला सूट देत नाही. यंत्राबाबत निष्काळजीपणा केल्याचा गुन्हा मालकांवर दाखल करावाच लागला. कलम जामीनपात्र होतं, तेव्हा ठाण्यातच जामिनावर सोडायचं होतं.

"जामीनदार कोण?" मी विचारलं. मालकांना कुणी सुचेना. भाऊ दवाखान्यात, मुलगा परदेशात, आणि नातेवाइकांना फोन करायची लाज वाटत होती.

"माझं लिहा," मागून आवाज आला. चाचा आधारकार्ड हातात घेऊन उभे होते.

मी चष्मा वर केला. "चाचा, हे तुम्हाला आत टाकायला निघाले होते."

"त्याचं मी त्यांच्याशी नंतर बघतो. सगळं ऐकवणार आहे, सोडणार नाही. पण साहेब, धाकट्याला उद्या घरी सोडतायत. त्याला आणायला घरचा मोठा माणूस नको?"

मालक तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. त्यांची पाठ हलत होती. माझ्या हवालदारांनी, नारळ फोडणाऱ्या त्या हातांनी, टेबलावरचं पेन उचलून चाचांच्या हातात दिलं, आणि चाचांनी सही केली.

उभ्या नोकरीत मी एकच गोष्ट शोधायला शिकलो होतो, खोटं. कोण लपवतंय, कोण घाबरतंय, कुणाच्या बोलण्यात फट आहे. ह्या प्रकरणात खोटं बोलणारा एकही माणूस नव्हता, आणि म्हणूनच मी आंधळ्यासारखा फिरत होतो. सगळ्यांनी जीव ओतून, मनापासून, जमेल तेवढं नीट केलं होतं. तेव्हापासून कुणी मला सांगितलं की बिघाड होता, पण आपोआप बरा झाला, तर मी अभिनंदन करत नाही. मी विचारतो, बरा झाला म्हणजे नक्की काय झालं? पिठाच्या गिरणीत विचारतो, सोसायटीच्या लिफ्टवाल्याला विचारतो, मुलीच्या सासरी पाण्याच्या पंपाबद्दल विचारलं तर व्याही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमची ही म्हणते, माणसं तुम्हाला टाळायला लागलीत. टाळोत. गेल्याच महिन्यात गिरणीवाल्याने वैतागून शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावला, आणि दुसऱ्या दिवशी माझं दळण मुकाट्याने सगळ्यांच्या आधी काढून दिलं. काय सापडलं ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याची बायको पिठाने माखलेल्या हातांनी गिरणीचा दांडा ओढत होती, रोजच्यासारखीच, आणि मला तेवढं बघणं पुरे होतं.